उरलेल्या स्टार्टरचे भोपळा मफिन: फुकटचा माल खरंच फुकट असतो का?



बेकिंग शिकणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न सारखा येतो. "सर, सॉरडो ब्रेड जमायला लागला, पण रोज अर्धी वाटी स्टार्टर टाकून द्यावा लागतो. जिवावर येतं हो. त्याचं काही करून विकता येईल का?"

येईल. लाल भोपळा आणि गूळ घालून त्याचे मस्त मफिन होतात. अंडं लागत नाही, महाग सामान लागत नाही. कृती खाली ग्रॅममध्ये दिली आहे. पण आपण इथे फक्त स्वयंपाक शिकायला येत नाही, बरोबर ना? म्हणून कृतीच्या आधी आणि नंतर हिशोबही करू. "वाया जातंय, त्याचं काहीतरी करून विकू" या एका वाक्यावर पुष्कळ घरगुती धंदे सुरू होतात आणि त्यातले बरेच त्याच वाक्यामुळे अडकतात.

उदाहरणासाठी मुंबई-पुणं घेत नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर घेऊ. तिथे गिऱ्हाईक कधी येतं आणि कधी येत नाही, हे इतकं स्पष्ट दिसतं की हिशोब शिकायला ती जागा फार चांगली आहे.

स्टार्टर म्हणजे काय, आणि तो उरतो कशाने?

नाव इंग्रजी आहे, गोष्ट आपलीच. दुधाला लावायला आपण कालचं विरजण ठेवतो. जिलेबीवाला मैद्याचं आंबवलेलं पीठ, म्हणजे खमीर, थोडं मागे ठेवतो आणि उद्याच्या पिठात मिसळतो. सॉरडोचा स्टार्टर तसाच. पीठ आणि पाणी समान वजनाने कालवायचं आणि झाकून ठेवायचं. पिठातले आणि हवेतले यीस्ट आणि आंबट करणारे जिवाणू त्यात वाढतात. मग रोज थोडं ताजं पीठ-पाणी द्यायचं. याला बेकरीवाले "खाऊ घालणं" म्हणतात.

आता उरतो कसा ते बघा. समजा तुमच्याकडे ५० ग्रॅम स्टार्टर आहे. त्याला ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी दिलं, झाला १५० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्याला तेवढंच पीठ आणि तेवढंच पाणी द्यायचं तर ४५० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी १ किलो ३५० ग्रॅम. काहीच काढलं नाही, तर सात वेळा खाऊ घातल्यावर तुमच्या घरात १०९ किलो स्टार्टर असेल! करून बघा कॅल्क्युलेटरवर.

म्हणून रोज ५० ग्रॅम ठेवायचा आणि १०० ग्रॅम काढायचा. हा काढलेला भाग म्हणजे डिस्कार्ड. तो खराब नसतो, फक्त भुकेला आणि आंबट असतो. ब्रेड फुगवायची ताकद त्यात कमी झालेली असते, चव मात्र भरपूर असते.

आता पैशात मोजू. १०० ग्रॅम डिस्कार्डमध्ये ५० ग्रॅम पीठ असतं. आठवड्याचं झालं ३५० ग्रॅम. मैदा ४५ रुपये किलो धरला तर १६ रुपयेसुद्धा होत नाहीत. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

शिंगणापूरचा आठवडा शनिवारी भरतो

शिंगणापूर नेवासे तालुक्यात. नगर–संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला वळलं की थोडं आत. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून ते देशभर माहीत आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा त्याच्याही बातम्या झाल्या होत्या. शिर्डीला आलेली पुष्कळ कुटुंबं त्याच फेरीत शिंगणापूर करतात. शनिवारी गर्दी, शनी अमावस्येला तर विचारूच नका.

धंदा करणाऱ्याने यातून काय घ्यायचं? तुमचा माल रोज सारखा खपणार नाही. शनिवार मोठा, रविवार बरा, आणि मधले दिवस शांत. मग स्टार्टरला रोज खाऊ घालून रोज १०० ग्रॅम काढून टाकायचं कारणच काय?

स्टार्टर फ्रिजमध्ये ठेवला की त्याचं काम अगदी मंद होतं. आठवड्यातून एकदा खाऊ घातलं तरी तो टिकतो. आपल्या भागात हे आणखी महत्त्वाचं आहे. एप्रिल-मे महिन्यात नेवाशाकडे पारा चाळिशीला टेकतो. अशा उन्हात बाहेर ठेवलेला स्टार्टर चार तासांत फुगून खाली बसतो आणि आंबट होतो. थंड देशातल्या व्हिडिओमध्ये "सकाळी खाऊ घाला, संध्याकाळी वापरा" सांगतात, ते इथे तसंच्या तसं चालत नाही.

समजा तुम्ही सोनईला किंवा घोडेगावला राहता आणि शनिवारसाठी ब्रेडच्या तीन ऑर्डर आहेत. एका ब्रेडला १०० ग्रॅम स्टार्टर. असं करा:

१. शुक्रवारी सकाळी ८ वाजता फ्रिजमधून ४० ग्रॅम स्टार्टर काढा. ४० पीठ, ४० पाणी द्या. झाला १२० ग्रॅम.
२. दुपारी फुगला की त्याला १२० पीठ, १२० पाणी. झाला ३६० ग्रॅम.
३. संध्याकाळी ३०० ग्रॅम ब्रेडच्या कणकेत. ४० ग्रॅम परत फ्रिजमध्ये, पुढच्या आठवड्यासाठी.
४. उरला किती? २० ग्रॅम!

कणीक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, पहाटे भाजा.

लक्षात आलं का? मागणी माहीत असली की डिस्कार्ड जवळजवळ संपतो. रोज वाटीभर उरतोय याचा अर्थ एवढाच, की गिऱ्हाईक किती आहे हे न मोजता आपण स्टार्टर पोसतोय.

मग मफिनला १५० ग्रॅम आणायचा कुठून? दुपारी थोडं जास्त पीठ-पाणी घालून. होय, मुद्दाम बनवायचा! त्यात जातं ७५ ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण ३ रुपये ४० पैसे. आता खरा प्रश्न विचारा. उरलेलं संपवायचं म्हणून नाही, तर मुद्दाम बनवून विकला तरी हा मफिन परवडतो का? परवडला तर तो धंदा.

भोपळाच का?

लाल भोपळ्याला आपल्या भागात बरेच जण डांगर म्हणतात. गूळ-भोपळ्याच्या घाऱ्या किंवा घारगे खाल्ले नाहीत असं घर सापडणं कठीण. म्हणजे चव गिऱ्हाइकाला समजावून सांगावी लागत नाही. "घाऱ्यांच्या चवीचा केक" म्हटलं की आजीबाईसुद्धा हात पुढे करतील. "पंपकिन सॉरडो मफिन" म्हटलं तर आधी पाच मिनिटं भाषण द्यावं लागेल. नाव ठेवताना हे विसरू नका.

दुसरं, अख्खा पिकलेला भोपळा न कापता थंड, कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे टिकतो. आठवड्यातून एकदा माल करणाऱ्याला असा कच्चा माल सोन्यासारखा. कापला की मात्र लगेच वापरायचा.

तिसरं, आंबट स्टार्टर, गोड भोपळा आणि गूळ यांचं चांगलं जमतं. आंबटपणामुळे गोडी तोंडात चिकटून राहत नाही.

पण शिंगणापूरसारख्या ठिकाणी तीन गोष्टी सांभाळा:

- अंडं नको. देवदर्शनाला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारणार. अंडं घातलं तर पाकिटावर हिरवी खूण लावता येत नाही, मांसाहाराची तपकिरी खूण लावावी लागते. खालची कृती बिनअंड्याची आहे.
- "उपवासाचा" म्हणू नका. शनिवार करणारे खूप जण येतात. भोपळा उपवासाला चालतो, मैदा-गहू चालत नाही. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. एक विक्री जाईल, पण विश्वास राहील.
- "प्रसाद" म्हणू नका. देवस्थानाचं नाव, फोटो पाकिटावर छापून माल खपवायचा मोह होतो. तुमचा माल तुमच्या नावावर विका.

कृती: १२ मफिन, प्रत्येकी साधारण ७० ग्रॅम

वाट्या-चमच्यांनी मोजू नका, वजनकाटा घ्या. विकायचा माल दर वेळी सारखाच लागला पाहिजे.

- मैदा १०० ग्रॅम
- गव्हाचं पीठ १०० ग्रॅम
- स्टार्टर १५० ग्रॅम (समान पीठ-पाण्याचा)
- शिजवून निथळलेला भोपळ्याचा गर २०० ग्रॅम (सालासकट साधारण ३०० ग्रॅम भोपळा)
- किसलेला गूळ १६० ग्रॅम
- वास नसलेलं तेल ८० मि.ली.
- दही ६० ग्रॅम
- बेकिंग पावडर दीड छोटा चमचा
- खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा
- मीठ पाव छोटा चमचा
- सुंठ, वेलची, जायफळ आवडीप्रमाणे
- वरून लावायला भोपळ्याच्या सोललेल्या बिया

१. भोपळ्याच्या फोडी कुकरच्या डब्यात ठेवा, डब्यात पाणी घालू नका. शिजल्यावर साल काढा, गर कुस्करा आणि फडक्यात बांधून १५-२० मिनिटं निथळत ठेवा. हे टाळलं तर मफिन आतून ओला राहतो आणि लवकर बुरशी धरतो.

२. गर कोमट असतानाच गूळ घाला, विरघळू द्या. गार झाल्यावर तेल, दही आणि स्टार्टर मिसळा.

३. मैदा, पीठ, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, मसाला एकत्र दोनदा चाळा.

४. ओव्हन १८० अंशांवर तापायला लावा. तो तापल्याशिवाय पुढची पायरी नको.

५. कोरडं ओल्यात घाला आणि उलथन्याने हलक्या हाताने फक्त एकत्र करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. स्टार्टरमधलं पीठ आधीच भिजून चिवट झालेलं असतं. जास्त फेटलं तर मफिन रबरासारखा होतो.

६. कागदी कप पाऊण भरा, बिया लावा, लगेच ओव्हनमध्ये. २२ ते २५ मिनिटं. मधोमध काडी घालून बघा, कोरडी आली पाहिजे.

७. साच्यातून काढून जाळीवर पूर्ण गार करा. गरम मफिन पाकिटात घातला की आत वाफेचं पाणी सुटतं आणि दुसऱ्याच दिवशी माल खराब होतो.

"लगेच" का म्हटलं? इथे मफिन फुगवण्याचं काम स्टार्टर करत नाही. स्टार्टर, दही, गूळ यांचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो, मफिन त्याने फुगतो. मिश्रण अर्धा तास ठेवलंत तर तो वायू निघून जातो. म्हणून "नैसर्गिक आंबवणीने फुगवलेला, सोडाविरहित" असं काही पाकिटावर लिहू नका. ते खरं नाही. "मधुमेहींना चालेल", "पचायला हलका" असलेही दावे नकोत. गुळाचा आहे, घाऱ्यांच्या चवीचा आहे, ताजा आहे. एवढं खरं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

स्टार्टरबाबत सावध राहा. नवीन सुरू केलेल्या स्टार्टरचा पहिल्या आठवड्यातला काढलेला भाग वापरू नका, नको ते जिवाणू त्यात वाढलेले असू शकतात. जुन्या स्टार्टरवर करडं पाणी सुटलं तर घाबरू नका, तो भुकेला आहे. पण गुलाबी-नारिंगी रेघ किंवा बुरशी दिसली तर सगळा टाका, बरणीसकट धुवा, नव्याने सुरू करा. इथे "वाया जाईल" हा विचार मनात आणायचा नाही. खाणाऱ्याची तब्येत १६ रुपयांपेक्षा मोठी आहे.

आता वही काढा: १२ मफिनचा खर्च

खालचे भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या दुकानातले भाव घालून हाच तक्ता स्वतः करा.

- मैदा १०० ग्रॅम (४५ रु. किलो): ४.५०
- गव्हाचं पीठ १०० ग्रॅम (४० रु. किलो): ४.००
- स्टार्टरमधलं पीठ ७५ ग्रॅम: ३.४०
- भोपळा ३०० ग्रॅम (३० रु. किलो): ९.००
- गूळ १६० ग्रॅम (६० रु. किलो): ९.६०
- तेल ८० मि.ली. (१५० रु. लिटर): १२.००
- दही ६० ग्रॅम (१०० रु. किलो): ६.००
- पावडर, सोडा, मसाला, बिया: १०.००

सामानाची बेरीज ५८ रुपये ५० पैसे. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, "पाच रुपयांत मफिन पडला, तीसला विकला, पंचवीस सुटले!" थांबा, अजून बाकी आहे:

- कागदी कप १२: ९.००
- पाकीट आणि लेबल, प्रत्येकी अडीच रुपये: ३०.००
- वीज, ओव्हन तापवण्यासह साधारण १ युनिट: १०.००
- तुमचा एक तास: ७५.००

एकूण १८२ रुपये ५० पैसे. एक मफिन १५ रुपये २० पैशांना पडला.

"माझा तास कशाला धरायचा, मी घरचाच आहे" असं म्हणू नका. उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला शेजारच्या ताईंना बोलावलं, तर त्यांना पैसे द्यायचे आहेत ना? आज तुमचा तास धरला नाही, तर उद्या त्यांच्या मजुरीसाठी पैसे निघणार नाहीत.

आता या यादीत स्टार्टर शोधा. १८२.५० मधले ३.४०. दोन टक्केसुद्धा नाही. ज्या गोष्टीसाठी जीव तुटत होता, ती खर्चात जवळजवळ दिसतच नाही. एकट्या पाकिटाचा खर्च तिच्या जवळपास नऊ पट आहे.

तोटा बरणीत नसतो, पाटीत असतो

समजा तुम्ही मफिन ३० रुपयांना ठेवला आणि तो दुसऱ्याच्या टपरीवरून विकला जातो. टपरीवाल्याला २० टक्के दिले, तर तुमच्या हातात एकामागे २४ रुपये. आता बघा:

- १२ पैकी १२ गेले: २८८ आले, १०५.५० सुटले.
- ९ गेले: २१६ आले, ३३.५० सुटले.
- ८ गेले: १९२ आले, साडेनऊ रुपये सुटले.
- ७ गेले: १६८ आले, साडेचौदा रुपये खिशातून गेले.

म्हणजे आठवा मफिन विकेपर्यंत तुम्ही दुकानदारासाठी आणि पाकीटवाल्यासाठी काम करत होता. आणि गंमत बघा. स्टार्टर पूर्ण फुकट धरला, ते ३.४० काढूनच टाकले, तरी आठच विकावे लागतात. फुकटच्या मालाने तुम्हाला एका मफिनचीही सवलत दिली नाही.

१६ रुपयांचं पीठ वाचवायला गेलात आणि शनिवारी संध्याकाळी पाच मफिन पाटीत उरले, तर त्या पाचांवर तुमचे ७६ रुपये अडकले. आधी उरलं होतं ते पीठ-पाणी. आता उरलं त्यात तेल, गूळ, वीज, पाकीट आणि तुमचा तास, सगळं आहे. उरलेल्यातून केलेला माल पुन्हा उरला, तर तोटा पहिल्यापेक्षा मोठा होतो. डिस्कार्ड असो, इडलीचं पीठ असो की टेलरिंगच्या चिंध्यांच्या पिशव्या, हिशोब हाच.

मग काय करायचं?

१. आधी ऑर्डर, मग ओव्हन. गुरुवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर यादी घ्या. सोनई, घोडेगाव, राहुरीच्या ओळखीच्या घरांपासून सुरुवात करा. आठ पक्के झाले की १२ भाजा. पाच पक्के असतील तर अर्धाच घाणा करा.

२. बसणारं गिऱ्हाईक शोधा. मंदिराच्या दारात पूजेच्या ताटांची आणि तेलाची दुकानं, तिथे गिऱ्हाईक घाईत. पण शिंगणापूरच्या रस्त्याला बैलाच्या घाण्याच्या रसवंत्या आहेत. तिथे कुटुंब गाडीतून उतरतं, सावलीत बसतं, लेकरं बैल बघतात. पंधरा मिनिटं थांबणाऱ्या त्या गिऱ्हाइकासमोर झाकणाच्या बरणीत मफिन दिसला, तर एखादा तरी उचलला जाईल. एका रसवंतीवाल्या काकांशी बोला. पहिल्या शनिवारी फक्त सहा ठेवा. किती गेले, किती वाजता गेले, कोणी घेतले, हे विचारून लिहा. चार शनिवार असं केलंत की तुमच्याकडे स्वतःचा बाजार अभ्यास तयार.

३. ब्रेड कुठे, मफिन कुठे, हे वेगळं ठेवा. सॉरडो ब्रेडचं गिऱ्हाईक बहुतेक नगर, संभाजीनगर, पुण्यासारख्या शहरात. शिंगणापूरला आलेला माणूस अख्खा ब्रेड बगलेत मारून दर्शनाला जाणार नाही. गाडीत खाता येईल असा एक मफिन मात्र घेईल. एकच स्टार्टर, पण बाजार दोन.

४. उरलेच तर? तारखेच्या आत असतील तर घरच्यांना, शेजाऱ्यांना चवीला द्या आणि मत विचारा. किंवा चकत्या करून मंद ओव्हनमध्ये वाळवा, चहाबरोबर टोस्टसारख्या लागतात. पण जुना चुरा नव्या घाण्यात मिसळू नका आणि तारीख बदलून पुन्हा विकू नका. दारं नसलेल्या गावात घरं विश्वासावर चालतात, तुमच्या पाकिटावरची तारीखही तशाच विश्वासावर चालते.

आणि ज्यांच्याकडे ओव्हनच नाही त्यांनी मफिनसाठी कर्ज काढू नका. उरलेल्या स्टार्टरमध्ये कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ घाला आणि तव्यावर धिरडी घाला. घरचा नाश्ता झाला, पीठ वाया गेलं नाही, विषय संपला. प्रत्येक वाचवलेल्या गोष्टीचा धंदा करायलाच पाहिजे असं कुठे आहे?

तारीख कशी ठरवायची?

हा मफिन ओलसर असतो, त्यामुळे कोरड्या बिस्किटासारखा टिकत नाही. अंदाजाने "७ दिवस" लिहू नका. एका घाण्यातले सहा मफिन पाकिटात भरून, विक्रीला जिथे ठेवणार तशाच जागी ठेवा. रोज एक फोडा. वास, चिकटपणा, बुरशी, चव बघून लिहा. चौथ्या दिवशी बिघडला, तर पाकिटावर दोनच दिवस लिहा. ही परीक्षा मे महिन्यात वेगळी आणि पावसाळ्यात वेगळी घ्या. दुकानांतून माल द्यायचा झाला की मात्र प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

कागदपत्रं: घाबरू नका, टाळूही नका

- अन्न नोंदणी. घरून विकलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकासाठी सोपी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये फी ठेवली होती. मर्यादा आणि फी बदलत असते, म्हणून अर्ज करताना फॉसकॉस पोर्टलवर ताजी माहिती बघा. १४ अंकी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा.
- लेबल. मालाचं नाव, घटक (जास्त वजनाचा आधी), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, शाकाहारी खूण. गहू आणि दूध हे ॲलर्जीचे घटक म्हणून स्पष्ट लिहा.
- प्रशिक्षण. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, १९६८ पासूनचं. तिथे अन्नशास्त्र आणि तंत्रज्ञानाचा विभाग आहे. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रंही जिल्ह्यातच आहेत. प्रक्रिया उद्योगाचं कुठलं प्रशिक्षण चालू आहे, ते जाऊन विचारा.
- भांडवल. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान ठरवलं आहे. सध्या अर्ज घेतात का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. पण क्रम लक्षात ठेवा. आधी चार शनिवारची विक्री, मग बँक. अनुदान मिळतंय म्हणून मोठा ओव्हन घेतला आणि आठवा मफिन विकलाच जात नसेल, तर हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. सात दिवस, तुमच्या घरात किंवा धंद्यात जे काही उरतं ते वजन करून लिहा. स्टार्टर, पीठ, भाजी, कापड, काहीही. पुढे त्याची किंमत रुपयांत लिहा.
२. ते उरणारच नाही अशी सोय करता येते का बघा. बहुतेक वेळा येते, आणि तीच सगळ्यात स्वस्त पडते.
३. त्यापासून काही बनवायचं मनात असेल, तर तो माल मुद्दाम विकत आणला असं धरून खर्चाचा तक्ता करा. तुमचा तास धरा, पाकीट धरा.
४. नुकसान टाळायला किती नग विकावे लागतील तो आकडा काढा. आमच्या मफिनचा आठ आला. तुमचा किती?
५. त्या आकड्याइतकी गिऱ्हाइकं नावानिशी लिहिता येतात का? येत असतील तर शुक्रवारी ओव्हन लावा. येत नसतील तर आधी फोन लावा.

तुमच्या मालाचा तो आकडा कमेंटमध्ये नक्की लिहा, सोबत तक्ताही टाका. हिशोबात काही सुटलं असेल तर आपण सगळे मिळून बघू.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, मोजत राहा, विकत राहा!